बाँड बॉल मिल चाचणी: पाच वेळा केलेल्या कामाच्या नोंदी

काम एकच होतं. क्वार्ट्झच्या शिरेतलं धातुक १०६ मायक्रॉनपर्यंत दळायला टनामागे किती ऊर्जा लागते (याला वर्क इंडेक्स म्हणतात), ते बाँड पद्धतीने काढायचं. चार दिवसांचं काम म्हणून हाती घेतलं आणि जवळजवळ चार आठवडे लागले. पद्धतीची पायऱ्यांची यादी कुठेही मिळते. ती वाचूनही माझं कुठे चुकलं ते इथे लिहून ठेवतो आहे. ही चाचणी पहिल्यांदा करणाऱ्याला यातल्या निम्म्या चुका तरी टाळता याव्यात.

३ मार्च

३० किलो नमुना आला. ढेकळं ४०–५० मिमीची. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर रात्रभर ठेवला. हात लावून कोरडं वाटतं त्यावर जाऊ नका. दोनदा वजन करून ते बदलत नाही हे बघा. माझं दुसरं वजन १९० ग्रॅमने कमी भरलं, म्हणून आणखी चार तास ठेवला.

४ मार्च

पहिली मोठी चूक आजच झाली. चाचणीला माल ३.३५ मिमीच्या खालचा लागतो. जॉ क्रशरमधून काढलेला ६ किलो माल मी रोल क्रशरची फट घट्ट करून एका दमात खाली आणला. सगळा ३.३५ च्या खाली गेला खरा, पण चाळून बघितल्यावर १९ टक्के माल १०६ मायक्रॉनपेक्षाही बारीक निघाला. म्हणजे मिलने करायचं काम क्रशरनेच करून ठेवलं होतं. ६ किलो बाजूला गेले आणि या नमुन्याचे आणखी ६ किलो मागवता येणार नव्हते.

उरलेला माल टप्प्याटप्प्याने केला: आधी चाळायचं, ३.३५ वर राहील तेवढाच क्रशरमध्ये टाकायचा, पुन्हा चाळायचं, फट थोडी कमी करायची. पूर्ण दिवस गेला, पण बारीक माल आटोक्यात राहिला.

५ मार्च

फीडची, म्हणजे मिलमध्ये घालायच्या मालाची, चाळणी-चाचणी. एफ८०, म्हणजे ज्या मापाखाली ८० टक्के माल जातो ते माप, २२०० मायक्रॉन आलं. १०६ च्या खाली ९.८ टक्के. हा दुसरा आकडा कोरडा चाळून काढला, आणि तो चुकीचा होता हे मला दोन आठवड्यांनी कळलं. खाली १९ तारखेला आहे.

६ मार्च

मिलमध्ये एका वेळी जो माल जातो तो वजनावर ठरत नाही, घनफळावर ठरतो: ठोकून बसवलेला ७०० घनसेंमी. मोजपात्रात ओतलं, तीन-चारदा आपटलं, ११७० ग्रॅम भरलं. लिहून ठेवलं.

९ ते ११ मार्च: चाचणी १

पद्धत थोडक्यात, पुढच्या नोंदी कळाव्यात एवढ्यापुरती. मिल ३०५ मिमी व्यासाची आणि तेवढ्याच लांबीची, मिनिटाला ७० फेरे. पहिल्या चक्रात १०० फेरे. नंतर सगळा माल काढून १०६ मायक्रॉनच्या चाळणीवर चाळायचा. खाली उतरला तेवढ्याच वजनाचा नवा माल घालायचा आणि चाळणीवर राहिलेला परत मिलमध्ये टाकायचा. दर फेऱ्याला किती ग्रॅम नवा बारीक माल तयार झाला, ते काढून पुढच्या चक्राचे फेरे ठरवायचे. परत जाणारा माल खाली उतरलेल्याच्या अडीच पट, म्हणजे २५० टक्के, झाला आणि ग्रॅम प्रति फेरा स्थिरावला की शेवटच्या तीन चक्रांची सरासरी घ्यायची.

माझा आकडा स्थिरावेना. सात चक्रांत बसायला हवा होता, मी नऊ केली. शेवटचे तीन: १.०९, ०.९८, १.०५. थकून सरासरी १.०४ धरली. खाली उतरलेल्या मालाचं पी८०, म्हणजे त्याचं तेच ८० टक्क्यांचं माप, ७५ मायक्रॉन. फ्रेड बाँड यांच्या १९६१ च्या समीकरणात घातलं:

वर्क इंडेक्स = ४४.५ ÷ [ (चाळणी)^०.२३ × (ग्रॅम प्रति फेरा)^०.८२ × (१०/√पी८० − १०/√एफ८०) ]

उत्तर १५.७. हे ९०७ किलोच्या शॉर्ट टनासाठी असतं, हे आधी विसरलो होतो. मेट्रिक टनासाठी १.१०२३ ने गुणायचं: १७.३ किलोवॅट-तास.

१२ मार्च

सरांना आकडा दाखवला. त्यांनी १७.३ कडे बघितलंच नाही. म्हणाले, "शेवटची तीन चक्रं दाखव." बघून म्हणाले, "हे अजून हलतंय. हलणाऱ्या आकड्याची सरासरी काढून काय मिळालं? नवा माल पिशवीतून कसा घेतोस?"

कपाने घेत होतो, आणि दोष तिथेच होता. पिशवी हलवली की बारीक माल खाली बसतो आणि जाड वर येतो. मी कधी वरचा घेत होतो, कधी तळातला. प्रत्येक चक्रात फीड वेगळं, मग ग्रॅम प्रति फेरा स्थिर कसा राहणार?

आजचा दिवस सगळा माल रिफलरमधून (माल सारख्या भागांत विभागणारं साधन) काढून साधारण १०० ग्रॅमच्या पुड्या करण्यात गेला. चक्राला लागेल तितक्या पुड्या पूर्ण घालायच्या, आणि शेवटची तेवढी पुन्हा विभागून घ्यायची. रिफलरमध्ये माल ओतताना ट्रे त्याच्या पूर्ण रुंदीचा असावा. एका कोपऱ्यातून ओतला तर विभाजनाला काही अर्थ राहत नाही.

७०० घनसेंमीचं वजनही परत केलं. या वेळी पातळी हलायची थांबेपर्यंत ठोकलं. पाच वेळा करून सरासरी १२३२ ग्रॅम. आधीचे ११७० म्हणजे अर्धवट बसलेला माल होता. चक्रात खाली उतरायला हवा तो माल याला साडेतीनने भागून येईल तेवढा, म्हणजे ३५२ ग्रॅम.

१३ मार्च

आता कशावरच विश्वास राहिला नव्हता, म्हणून गोळेही मोजले. बाँड पद्धतीत २८५ पोलादी गोळे लागतात, एकूण २०.१२५ किलो: ३६.८ मिमीचे ४३, २९.७ चे ६७, २५.४ चे १०, १९.१ चे ७१ आणि १५.९ चे ९४. मिलमध्ये २९१ गोळे होते आणि वजन भरलं १९.४६ किलो. संख्या जास्त, वजन कमी. मोठे गोळे झिजले होते आणि वजनाची तूट भरून काढायला कोणीतरी छोटे टाकत गेलं होतं. दोन गोळे तर अर्धे फुटलेले होते.

व्हर्नियर घेऊन एकेक मोजायला साडेतीन तास लागले. जुन्या साठ्यातून गोळे निवडून पाचही मापं आणि वजन जुळवलं: २०.११ किलो. यापुढे प्रत्येक चाचणीआधी वजन करायचं ठरवलं. पाच मिनिटांचं काम आहे, मी ते पहिल्या दिवशी केलं नव्हतं.

१६ व १७ मार्च: चाचणी २

सात चक्रं. शेवटची तीन १.०९, १.०८, १.०८. पी८० ७५. वर्क इंडेक्स १६.७.

आकडा दगडासारखा स्थिर. मला वाटलं काम संपलं. अहवालाचा पहिला परिच्छेदसुद्धा लिहिला.

१८ मार्च

या नोंदीवर जास्त लिहिणार आहे, कारण ही चूक मी एकट्याने केली असेल असं मला वाटत नाही.

चाळण्या साफ करताना शेवटच्या चक्राचा चाळणीवर राहिलेला माल ट्रेमध्ये तसाच पडला होता. त्यातला मूठभर स्वच्छ चाळणीवर घेऊन हाताने हलवला. खालच्या पांढऱ्या कागदावर धूळ पडतच राहिली. चाळून झालेल्या मालातून काही पडायला नको होतं. मग सगळाच परत चाळला, थोडा थोडा करून. जवळपास ८८० ग्रॅममधून १४० ग्रॅम खाली आला.

मी काय करत होतो? २०० मिमीच्या चाळणीवर एका वेळी ४०० ग्रॅम माल आणि यंत्रावर पाच मिनिटं. एवढ्या थराखाली जाळी दिसतसुद्धा नव्हती. वरच्या थरातल्या बारीक कणांना जाळीपर्यंत पोचायला वाटच नव्हती. तो माल 'जाड' म्हणून परत मिलमध्ये जात होता, तिथे जागा अडवत होता, गोळ्यांचा मार आणखी खात होता, आणि मोजणीत मात्र येत नव्हता. त्यामुळे ग्रॅम प्रति फेरा कमी आणि वर्क इंडेक्स जास्त.

यातलं सर्वात फसवं काय, तर आकडा स्थिर होता. दर चक्रात मी तेच ४०० ग्रॅम आणि तीच पाच मिनिटं वापरली, म्हणून दर चक्रात चूकही तेवढीच झाली. आकडा स्थिरावला म्हणजे तो बरोबर आला, असं मी धरून चाललो होतो.

१९ मार्च

चाळण्याची रीत नव्याने ठरवली.

१०६ च्या वर ६०० आणि २१२ मायक्रॉनच्या चाळण्या लावल्या. जाड माल तिथेच अडतो आणि १०६ च्या जाळीवर ओझं पडत नाही. एका वेळी २०० ग्रॅमच. यंत्रावर १० मिनिटं. त्यानंतर १०६ वर राहिलेला माल एक मिनिट हाताने, खाली स्वच्छ ट्रे ठेवून. त्या मिनिटात घातलेल्या मालाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त खाली आला तर आणखी पाच मिनिटं.

खाली उतरलेलं वजन थेट घेणंही बंद केलं. चाळणीवर राहिलेल्याचं वजन करायचं आणि १२३२ मधून वजा करायचं. चाळताना ४ ते ६ ग्रॅम उडून जातात, आणि उडते ती बारीक धूळ. थेट वजन केलं तर नेमका मोजायचा मालच कमी भरतो.

फीडही ओल्या पद्धतीने परत चाळलं: १०६ च्या चाळणीवर पाण्याने धुवायचं, वर राहिलेलं वाळवायचं, वजन करायचं. बारीक माल ९.८ नव्हे, ११.५ टक्के निघाला. फरकाएवढी धूळ जाड कणांना चिकटून बसली होती आणि कोरड्या चाळणीत सुटत नव्हती. मिलमध्ये ती पहिल्या काही फेऱ्यांतच सुटते आणि मिलने दळली असं दिसतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. चाळण्यावर ब्रश मारताना मी पहिले दोन आठवडे साधा कापडी मास्क लावत होतो. क्वार्ट्झची ही धूळ फुफ्फुसात बसते, सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. आता बारीक धुळीसाठीचा घट्ट बसणारा रेस्पिरेटर लावतो आणि ब्रशचं सगळं काम धूळ ओढणाऱ्या हुडखाली करतो. वेळ वाचवायला हे सोडू नका.

२० व २१ मार्च: चाचणी ३

एका चक्राला २ तास २० मिनिटं. पूर्वी ५० मिनिटांत उरकत होतो.

चक्रांचे आकडे पूर्ण देतो, कोणाला आपल्याशी ताडून बघता येतील. फेरे, मग खाली उतरलेला माल ग्रॅममध्ये, मग ग्रॅम प्रति फेरा:

१: १०० – २७८ – १.३६
२: २३५ – ३७१ – १.४४
३: २१४ – ३३८ – १.३८
४: २२७ – ३४६ – १.३५
५: २३१ – ३४६ – १.३३
६: २३६ – ३५१ – १.३२
७: २३६ – ३५२ – १.३२

ग्रॅम प्रति फेरा काढताना नव्या फीडमधले ११.५ टक्के वजा करायला विसरू नका. पहिल्या चक्रात १२३२ चे ११.५ टक्के, म्हणजे १४१.७ ग्रॅम, नंतर प्रत्येक चक्रात फक्त नव्याने घातलेल्या मालाचे. दुसऱ्या चक्रात मी सगळ्या मालाचे वजा करायला निघालो होतो, फेऱ्यांचा आकडा विचित्र आला म्हणून सापडलं.

सरासरी १.३२. पी८० ७९. वर्क इंडेक्स १४.७.

१७.३ वरून १४.७. धातुक तेच, मिल तीच. या आकड्यावर कोणी खरी मिल निवडणार असेल तर पहिल्या आकड्याने मोटर जवळपास १८ टक्के मोठी घेतली गेली असती.

२३ मार्च

सरांचं म्हणणं, एकदा आलेला आकडा हा आकडा नव्हे. पुन्हा करायची. नमुना पुरेसा आहे का बघितलं. एका चाचणीला सव्वातीन किलो जातो. पुरेल.

१०६ च्या जाळीत कण अडकून बसले होते. कडक ब्रशने घासून काढले.

२४ व २५ मार्च: चाचणी ४

सगळं चाचणी ३ प्रमाणेच. वर्क इंडेक्स १४.९.

१४.७ आणि १४.९. फरक दीड टक्क्याच्या आत. फोन करून सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "पी८० किती?"

९२.

१०६ च्या चाळणीखाली उतरलेल्या मालाचं पी८० आधी ७९ होतं, आता ९२. ग्रॅम प्रति फेरा १.३२ वरून १.४५. माझ्या डोळ्यांपुढे दोन्ही आकडे होते आणि मी फक्त शेवटची ओळ वाचली होती.

२६ मार्च

पी८० काढायला चाळण्यांचा वेगळा संच वापरतो. त्यातल्या १०६ वर ९ टक्के माल अडला होता. जो माल आधीच एका १०६ मधून उतरला आहे, तो दुसऱ्या १०६ वर इतका अडायला नको. पहिली चाळणी खिडकीसमोर धरली. काही दिसलं नाही. भिंगातून कडेने बघत गेलो तेव्हा फ्रेमला लागून साधारण ४ मिमीची चीर सापडली. तारा तुटलेल्या, जाळी फ्रेमपासून सुटलेली. २३ तारखेच्या कडक ब्रशचं हे काम. जाळीतले कण काढायला मऊ ब्रश खालच्या बाजूने फिरवायचा असतो किंवा चाळणी अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवायची असते. मला हे माहीत होतं, घाईत केलं नाही.

मग आकडा बिघडला का नाही? चिरेतून जाड कणही खाली गेले. त्यामुळे ग्रॅम प्रति फेरा वाढला आणि वर्क इंडेक्स खाली यायला हवा होता. पण त्याच जाड कणांनी पी८० वर नेलं, आणि समीकरणात त्याने वर्क इंडेक्स वर ढकलला. दोन्ही चुका एकमेकींना भिडल्या आणि उत्तर दिसायला निर्दोष आलं. फाटक्या चाळणीने मी जवळपास तोच आकडा काढून दाखवला होता.

आता वहीत वर्क इंडेक्सच्या शेजारी ग्रॅम प्रति फेरा आणि पी८० असे दोन रकाने पाडले आहेत. चाचण्यांची तुलना आधी त्या दोन्हींवर करतो. चाचणी ४ रद्द.

२७ व २८ मार्च: चाचणी ५

नवी चाळणी. आधी भिंगाखाली पूर्ण फिरवून बघितली. गोळे २०.१० किलो.

पाचव्या चक्रात वीज गेली, मिल १४२ फेऱ्यांवर थांबली. फेरे मोजणारा काउंटर यांत्रिक आहे, आकडा जपला गेला. वीज आल्यावर उरलेले फेरे तिथूनच पूर्ण केले. घड्याळ लावून फेरे मोजत असतो तर चक्र वाया गेलं असतं. घड्याळाने एकदा पडताळलंही होतं: १०० फेऱ्यांना ८५.७ सेकंद लागायला हवेत, या मिलला ८८ लागतात. पट्टा थोडा घसरतो. म्हणून काउंटरच धरायचा.

ग्रॅम प्रति फेरा १.३३, पी८० ७८, वर्क इंडेक्स १४.५. तिन्ही आकडे चाचणी ३ शी जुळतात.

३० मार्च

अहवालात १४.६ दिला, ३ आणि ५ ची सरासरी. १, २ आणि ४ चे आकडे गाळले नाहीत. कारणांसकट परिशिष्टात घातले.

हिशेब: कामाचे बावीस दिवस, त्यातले निम्म्याहून जास्त रद्द झालेल्या तीन चाचण्यांत गेले. ६ किलो नमुना क्रशरवर वाया, सुमारे ११ किलो रद्द चाचण्यांत. एक चाळणी गेली.

साडेपाच किलो शिल्लक आहे. रिफलरने विभागलेल्या पुड्या बंद डब्यात ठेवल्या आहेत, डब्यावर एफ८० आणि ओल्या पद्धतीचे ११.५ टक्के लिहून. पुढच्या महिन्यात हाच माल १५० मायक्रॉनच्या चाळणीवर करून बघायचा आहे. फाटलेल्या चाळणीच्या फ्रेमवर लाल रंग मारला आणि ती कपाटातून बाहेर काढली, म्हणजे चुकून कोणी उचलणार नाही.